नवरीच्या गळ्याशी गेलेला हात

तुळशीची लग्नं आटोपली की पवनीचा वास बदलतो. नव्या धानाचा आणि तणसाचा कोरडा, किंचित गोडसर वास गल्ल्यांतून येऊन बसतो. त्याच्यामागून जांभळीच्या डहाळ्यांचा हिरवा वास येतो. पूर्वी मांडवासाठी त्या डहाळ्या बैलगाडीतून यायच्या, आता टेम्पोतून येतात. गाडी गेली की रस्त्यावर पानं पडून राहतात आणि दुपारपर्यंत ती चुरगळून काळी होतात. बाजाराच्या बाजूला बँडवाले ढोलाची कातडी उन्हात तापवतात, मधूनच एखादा ठोका मारून पाहतात. सगळा बँड वाजत असला तर मला काही होत नाही. पण असा एकच ठोका पडला आणि पुढे शांतता पसरली की हातातलं काम थांबतं. पुढचा ठोका येईपर्यंत मी श्वास धरून बसते.

यंदाही बसले. आणि ती लग्नसराई आठवली.

त्या साली श्रावणात सुधाकर गेला. तापाचं निमित्त झालं. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला नेलं, आणि परत आणलं. सुधाकर माझा नवरा. बाजाराच्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ होता, अजून आहे. मी तेव्हा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. आमच्या संसारात त्याचा आवाज आणि माझं वाचन अशी वाटणी होती. लग्नसराईत तो दिवसदिवस घरी नसे. परत आला की त्याच्या सदऱ्याला हळदीचा, अत्तराचा आणि दुसऱ्यांच्या पंगतीतल्या वरणाचा वास यायचा. जेवायला नको म्हणायचा, आणि झोपता झोपता नवरीकडच्या मामाच्या मिशीबद्दल काहीतरी सांगायचा.

तो गेल्यावर लोक स्टुडिओत येऊ लागले. बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, पाण्यापावसाचं बोलायचे. उठताना, चपला पायात घालताघालता म्हणायचे, "वहिनी, आम्ही दुसरीकडं सांगून ठेवलं. तुम्हाले कायले त्रास." सगळे मायेनं बोलायचे. चपला घालतानाच बोलायचे.

त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे विधवेला लग्नातून कुणी हाकलत नाही. तिनंच आपली जागा ओळखायची असते. ती कोठीघरात बसते, नारळ मोजून देते, तांदूळ काढून देते, पोरं सांभाळते. फोटोवाल्याची जागा मात्र बोहल्यापाशी. भटजीच्या खांद्याला खांदा लावून, नवरीच्या इतक्या जवळ, की तिच्या आईलाही तितकं जवळ जाता येत नाही. या दोन जागांच्या मध्ये अख्खा मांडव असतो. मला स्टुडिओ चालवायचा होता, आणि तो मांडव कसा ओलांडायचा ते मला कळत नव्हतं.

एकच घर उरलं होतं. मागच्या गल्लीतल्या हातमागवाल्यांचं. त्यांच्या प्रणालीचं लग्न मार्गशीर्षात होतं आणि फोटो सुधाकरच काढणार, असं त्यानं स्वतः त्या पोरीला सांगून ठेवलं होतं. त्या घरानं अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. घरात चालायचं प्रणालीच्या आत्याचं. कौसल्या आत्या म्हणजे प्रणालीच्या बापाची थोरली बहीण. ऐन तिशीत नवरा गेला, माहेरी परतली, मागावर बसली आणि भावाची पोरगी तिनंच वाढवली. तिच्या मनात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मागाचा खटखट आवाज आमच्या परसात यायचा आणि मी तो ऐकत राहायचे, जणू त्यातून उत्तर येणार होतं.

अशात सुधाकरच्या फोनवर फोन आला. भंडाऱ्याला लग्नाच्या फोटोग्राफीची कार्यशाळा होती, नागपूरचे सर शिकवणार होते. "सुधाकरभाऊ, येऊन राहिले ना?" पलीकडून विचारलं. मी म्हणाले, "येते." मग पलीकडून आवाज आला, "हो हो, या ना मॅडम, लेडीज असल्या तर चांगलंच आहे." त्याला वाटलं, स्टुडिओतली कुणी कामाला असेल. मीही जास्त काही सांगितलं नाही.

कार्यशाळेची जागा म्हणजे हमरस्त्याच्या कडेचं एक मंगल कार्यालय. सराई सुरू व्हायची होती, म्हणून रिकामं. रिकाम्या मंगल कार्यालयाइतकी ओकीबोकी जागा मी दुसरी पाहिली नाही. भिंतीवर मागच्या उन्हाळ्यातल्या कुणाच्या तरी नावाची थर्माकोलची अर्धी अक्षरं लटकत होती. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात रचलेल्या. तुमसर, साकोली, सिहोऱ्याकडची पोरं आली होती, काही गोंदियाकडचीही. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सोयरिकींना ते कुणी कळवलं नव्हतं; इकडच्या नवऱ्या तिकडे आणि तिकडच्या इकडे तशाच जात होत्या, आणि फोटोवाले त्यांच्यामागे. सुधाकरला ओळखणारे जुने लोक त्यात नव्हते. त्यांना वाटायचं, या वयात काय शिकायचं. त्यामुळे मी कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. बायकांत मी एकटीच.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मॅडम, पट्टा आखूड करा. कॅमेरा पोटावर लोंबकळतो तुमच्या." सुधाकर उंच होता. कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या मापाचा होता. मानेजवळच्या भागात त्याच्या घामानं कातडं काळं पडलेलं होतं आणि मी तो तसाच अडकवून आले होते. मी काही म्हणायच्या आत सरांनी बकल ओढलं आणि पट्टा एका झटक्यात माझ्या मापाचा झाला. ते लगेच पुढच्या माणसाकडे वळले. मी खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ हमरस्त्यावरचे ट्रक पाहिले.

पण शिकले. न शिकून भागणार नव्हतं. उजेड कुठून येतो ते पाहायचं, फ्लॅश माणसाच्या तोंडावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवायचा, नवरीच्या डोळ्यांत एक बारीक ठिपका चमकला की समजायचं फोटो जिवंत आहे. सरांचा आवाज मोठा होता आणि उदाहरणं त्याहून मोठी. एका दुपारी ते मंगळसूत्रावर आले. "अख्ख्या लग्नात हा एक फोटो चुकला तर पार्टी तुम्हाला जन्मभर माफ करत नाही. वाट्या समोर पाहिजे. पण नवरदेव बांधतो मागून, वाट्या जातात शालूच्या आत. मग आपण काय करतो? आपल्याला तर नवरीला हात लावता येत नाही. करवलीला बोलवा, ती आरशात. मावशीला बोलवा, ती रडून राहिली. म्हणून सांगतो, या मॅडम सगळ्यांच्या पुढे जातील. यांना कुणाची गरज नाही. स्वतः पुढे झाल्या, वाटी सरळ केली, फोटो काढला."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. सिहोऱ्याचा एक मुलगा म्हणाला, "सर, मंग आम्ही का भजे तळायचे?"

हशा झाला. मीही हसले असेन. माझे दोन्ही हात मी मांडीवर, पदराखाली घेतले होते ते मात्र आठवतं.

शेवटच्या दिवशी खोटं लग्न लावायचं होतं. नवरदेव सिहोऱ्याचा तो मुलगाच झाला. नवरीसाठी सर मला म्हणाले, "तुम्हीच आणा कुणी. आम्ही आणायला गेलो तर मार खाऊ." मी प्रणालीला विचारलं. ती हसली. "चाला वहिनी. माझी बी प्रॅक्टिस होऊन जाईन." आत्यानं मागावरून मान वर न करता सांगितलं, "मी येतो संगं."

त्या दिवशी अड्याळवरून जाणाऱ्या एसटीत आम्ही तिघी होतो. प्रणाली खिडकीशी, आत्या मध्ये, मी कडेला. आत्यानं सगळा रस्ता डोळे मिटून काढला. पण झोपली नव्हती. तिच्या मांडीवरची बोटं हलत होती, तुटलेला धागा सांधल्यासारखी.

प्रणालीला नटवलं. मुंडावळ्या बांधल्या. मंगलाष्टकं स्पीकरवर लागली. कुणीतरी परातीत अक्षता आणल्या, तेव्हा आत्यानं चिमूटभर हातात घेऊन पाहिल्या. "कण्या आणल्या यायनं," ती मला म्हणाली. "धानाच्या मुलखातले लोक, आन् अक्षतेले कण्या." मग पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली.

अंतरपाट निघाला. सिहोऱ्याच्या नवरदेवानं बाजारातलं खोटं मंगळसूत्र मोठ्या गंभीरपणे बांधलं. पोरांनी कॅमेरे सरसावले. आणि सर ओरडले, "थांबा. वाटी कुठंय?"

वाटी शालूच्या आत गेली होती.

"मॅडम. चला. दाखवा यांना."

मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. समोर प्रणालीचा वाकलेला गळा होता. मागे खुर्चीवर आत्या. अख्ख्या दालनात मी कोण आहे हे माहीत असलेली दोनच माणसं, एक माझ्या पुढे आणि एक माझ्या मागे. हात उचलेना.

"काय झालं?" सर म्हणाले. "बायकांनाबी लाजता का आता?"

कुणीतरी खुसखुसलं. प्रणालीनं मान तशीच ठेवून फक्त डोळे वर केले, पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. मला वळून पाहायचं धाडस झालं नाही. स्पीकरवरचं मंगलाष्टक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"लाव ना वं हात," मागून आत्याचा आवाज आला. "खोटं लग्न हाये. खोटं मंगळसूत्र हाये. लाव."

मी लावला. मणी गार होते आणि गळा गरम. बोटांना तिची नस लागत होती, भरभर. वाटी बाहेर काढली, मध्यावर आणली, पदराची निरी सारखी केली आणि मागे सरून फोटो घेतला. सर म्हणाले, "बघा. याला म्हणतात काम."

मग आत्या उठली. परातीपाशी गेली, दोन्ही मुठी भरून घेतल्या आणि थेट बोहल्यावर चढून नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकू लागली. टाकू कसल्या, नेम धरून मारू लागली. सिहोऱ्याचा पोरगा डोळे मिटून म्हणाला, "आत्या, हळू ना वो." आत्या म्हणाली, "उभा राह्य चुपचाप. लग्न हाये." तिला तशी मी कधी पाहिली नव्हती. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या कितीतरी लग्नांना तिनं कोठीघरातून तांदूळ मोजून दिले होते. मांडवात पडताना ते तांदूळ तिनं पाहिलेले नव्हते.

परतीच्या गाडीत ती बोलकी झाली होती. सरांची नक्कल केली, कण्यांना पुन्हा नावं ठेवली. अड्याळ मागे पडलं, बाहेर लोंब्यांनी वाकलेली धानाची बांधी दिसू लागली आणि तिची नजर तिकडे गेली. प्रणालीला डुलकी लागली होती.

"मजा आली," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण खऱ्यात नाई हं बाई."

मी प्रणालीच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"फोटो तूच काढ. सुधाकरनं शब्द देल्ला होता पोरीले. पण मांडवाच्या बाहेरून. दूरचं जवळ दाखवते म्हणे ना ते मशीन. मंग झालं तं."

"हो," मी म्हणाले. "दाखवतं."

"मले वाईट नको समजू. तो पोरगा तारीवर काम करते. खांबावर चढते. उद्या काही झालं तं लोक तुलेच बोलतीन. मी बी बोलीन."

नवरदेव सानगडीचा होता, निलेश. विजेच्या लाइनवर कामाला. मी हे सगळं मानत नाही, असं मला त्या क्षणी म्हणता आलं असतं. वाचनालयात या विषयावरची पुस्तकं मीच लावली होती, मीच लोकांना वाचायला दिली होती. पण तिनं "खांबावर चढते" म्हटलं आणि मला खांबावरचा निलेश दिसला. मी त्याला तोवर पाहिलेलंही नव्हतं. चेहरा नसलेला एक माणूस, खाली लटकते पाय, वर तार. पुस्तकांतलं एकही वाक्य त्या गाडीत माझ्या मदतीला आलं नाही.

मार्गशीर्षातलं ऊन फोटोला चांगलं असतं, असं सुधाकर म्हणायचा. तिरपं, पिवळं, कुणाचा चेहरा न भाजणारं. त्यांच्या गल्लीतच मांडव होता. जांभळीची पानं अजून ताजी होती आणि त्यांच्या फटींतून उन्हाचे तुकडे पाहुण्यांच्या टोप्यांवर, जाजमावर, भटजींच्या उघड्या खांद्यावर पडत होते. मी मांडवाच्या शेवटच्या खांबाबाहेर एका बाकावर उभी होते. लांबची लेन्स लावली होती. त्या लेन्सची गंमत अशी की माणूस हाताच्या अंतरावर दिसतो आणि त्याचा आवाज दुरून येतो. प्रणालीच्या ओठांवरचा घाम मला दिसत होता. ती काय बोलते ते ऐकू येत नव्हतं. पाहुण्या बायका बाकाजवळून जाताना माझ्याकडे बघत आणि मला नेमून दिलेली जागा पाहून समाधानानं पुढे जात. कोठीघराचं दार बोहल्याच्या उजव्या अंगाला होतं. त्यात आत्या उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर.

अक्षता पडल्या. मंगळसूत्र आलं. निलेशनं मागून हात घातले, बायकांनी दाटी केली, आणि मला लेन्समधून फक्त पाठी दिसू लागल्या. दाटी फाटली तेव्हा दिसलं, वाटी नव्हती. काळे मणी खांद्याकडे ओढले गेले होते आणि बाकी सगळं शालूच्या आत.

आमच्याकडे भटजी आता फोटोसाठी थांबतात. त्यांनी मान वर करून विचारलं, "फोटो निघाला काय?"

मांडव माझ्याकडे वळला. निघाला म्हटलं असतं तर विधी पुढे गेला असता. कुणालाच काही कळलं नसतं, निदान फोटो हातात पडेपर्यंत.

"नाही निघाला," मी म्हणाले.

मग बायकांचे हात पुढे झाले. एकीनं मणी ओढले, दुसरीनं पिन काढायचा प्रयत्न केला, तिसरीची बांगडी मुंडावळीत अडकली. प्रणालीच्या मानेवरचे केस मण्यांत गुंतले होते. ओढलं की तिचं तोंड कळवळायचं. भटजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या, तसाच काढा म्हणा."

तेव्हा प्रणालीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण बाकापर्यंत आला.

"सगळ्या मागं व्हा. वहिनी, तुम्ही या."

मी बाकावरून उतरले नाही. लेन्स डोळ्याशी तशीच धरली, कारण ती खाली केली असती तर सगळ्यांचे चेहरे दिसले असते. लेन्समध्ये फक्त ती होती, आणि तिच्या शेजारी निलेश, काही न कळून माझ्या दिशेनं बघणारा. रेखीव भुवयांचा, घाबरट वाटावा असा तरुण चेहरा. त्या चेहऱ्यावरून मी लेन्स हळूच उजवीकडे नेली, कोठीघराच्या दारापर्यंत.

आत्या माझ्याकडेच पाहत होती. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ती आत वळली. दारात फक्त काळोख उरला.

त्या वळण्याचा अर्थ मी पुढे कितीदा लावला. राग असेल. पाहवलं नसेल. पण आमच्याकडे परवानगी तोंडानं देण्याची पद्धत फारशी नाही. माणसं मान फिरवतात, आणि जे पाहिलं नाही त्याला हरकत घेता येत नाही.

मी मांडवात शिरले. जाजमावर पाय पडला तसं बोलणं थांबत गेलं. एक म्हातारी पुटपुटली, "काय बाई हे," आणि दुसरी म्हणाली, "जाऊ दे, पोरगी म्हणते ना." मी प्रणालीपुढे गुडघ्यावर बसले. एकेक केस मण्यांतून सोडवला. खोट्या लग्नात माझा हात उचलत नव्हता, इथे तो थांबला नाही. वाटी बाहेर आली, मध्यावर बसली. तिच्या आणि माझ्यामध्ये वीतभर अंतर होतं आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. मी उठले, जिथून आले तिथे परत गेले, बाकावर चढले आणि फोटो काढला. आत राहूनही काढता आला असता. पण आत्यानं घातलेली अट मला जितकी पाळता येईल तितकी पाळायची होती.

फोटो चांगला आला. पुढच्या लग्नांसाठी लोक स्टुडिओत येऊ लागले, ते तो फोटो पाहूनच. चहा घेऊन, चपला घालण्याआधी तारीख सांगू लागले. स्टुडिओ तरला, असं म्हणायला हरकत नाही.

माझं मात्र वेगळंच काही सुरू झालं होतं. लाइट जायची. आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. माणसं बोलणं न थांबवता मेणबत्ती शोधतात. त्या वर्षी मात्र लाइट गेली की मी जिथे असेन तिथे थांबायचे. कुठेतरी तार तुटली असेल, कुणीतरी खांबावर चढत असेल. सानगडी इथून दूर, तिकडची लाइन वेगळी, हे मला ठाऊक होतं. तरी पंखा बंद पडताना त्याचा आवाज हळूहळू खाली येतो, तो पुरता थांबेपर्यंत मी ऐकत राहायचे. हे मी कुणाला सांगणार? मी, ग्रंथपाल.

आणि पाचदहा मिनिटांत दारात आत्या यायची.

"तुमच्या इकडं बी गेली काय?"

"गेली."

"सानगडीची बी गेली असन काय?"

"काय माहीत, आत्या."

"प्रणालीचा फोन आला होता काय तुले?"

"परवा आला होता. बरी आहेत दोघं."

ती उंबऱ्यावर बसायची. मी आत बसायचे. लग्नातल्या त्या क्षणाबद्दल आम्ही एक शब्दही काढत नव्हतो. अंधारात ती पदरानं वारा घ्यायची आणि आम्ही दोघी गल्लीच्या टोकाच्या दिव्याकडे बघत राहायचो. लाइट आली की ती उठून निघून जायची. जाते म्हणून सांगायचीही नाही.

ज्येष्ठाच्या तोंडावर वादळ झालं. झाडं पडली, पत्रे उडाले, लाइट गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. संध्याकाळच्या सुमारास आत्या आली, धावत नव्हती, पण पदर जमिनीला लागत होता आणि तिला ते कळत नव्हतं.

"सानगडीचा फोन आला."

मी उभी राहिले.

"खांबावरून पडला तो."

बाहेर कुणीतरी तुटलेल्या फांद्या ओढत नेत होतं. पानांचा तो सरसर आवाज मला अजून ऐकू येतो. माझा उजवा हात मी डाव्या हातानं धरला होता, मनगटाशी, घट्ट.

"हात मोडला," आत्या म्हणाली. "प्लास्टर लावलं साकोलीले. बोलून राहिला, चहा पिऊन राहिला. मी त्याच्याशी बोलली." मग ती तिथेच खाली बसली, भिंतीला टेकून. बराच वेळ तिचा श्वास लागत होता. तो सावरल्यावर म्हणाली, "जिवावरचं होतं, हातावर निभावलं. जेवढं व्हायचं होतं तेवढं होऊन गेलं. आता सुटलो आपण."

आपण, म्हणाली. दारातून आत वळली तेव्हापासून ती माझ्याइतकीच त्यात होती, आणि इतके महिने अंधारात येऊन माझ्या उंबऱ्यावर बसत होती ती त्यामुळेच.

मी सुटले. खोटं कशाला लिहू? एका अनोळखी पोराचा हात मोडल्याची बातमी ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वीज येते-जाते, वादळात माणसं खांबावरून पडतात, त्याचा माझ्या बोटांशी काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं आणि सुटणं या निराळ्या गोष्टी आहेत. सुधाकर गेला तेव्हा डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मला सगळं कळलं होतं. तरी कित्येक दिवस मी मनात शोधत होते की मी काय केलं, कशाला हात लावला, काय विसरले. विधवेच्या हातावर लोक जे लादतात, ते तिनं आधीच स्वतःच्या हातावर घेतलेलं असतं. आत्यानं तर तीस वर्षं घेतलं होतं.

दिवाळीला प्रणाली आणि निलेश पवनीत आले. तो हात बरा झाला होता, थोडा आखडायचा इतकंच. त्याला कामावरच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. आत्या त्यांच्यासोबतच आली आणि भिंतीजवळच्या बाकावर बसली. निलेश निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसला आणि आरशात बघून भांग पाडू लागला. मी दिवे लावत होते. प्रणाली माझ्यामागे येऊन उभी राहिली.

मी हळूच विचारलं. विचारायचं नाही असं वर्षभर ठरवलं होतं. "त्या दिवशी मला बोलावलंस. तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "तुम्ही बाकावरून उतरतपर्यंत लय वाटली."

"मग?"

तिनं बाकाकडे पाहिलं. आत्या निलेशला सांगत होती की भांग डावीकडं पाड, तुझा बाप पाडते तसा. निलेश पाडत होता.

"आत्या दारात उभी होती ना, कोठीच्या," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज आणखी खाली आला. "मी तिच्याइकडं पाहून राहिली होती. मले मोठं तिनं केलं, वहिनी. आन् माझ्या लग्नात ती तिथं. मंग मले वाटलं, उद्या माझ्यावर आलं तं मी बी तिथंच उभी राहीन. त्याची जास्त भीती वाटली."

मी कॅमेऱ्यात वाकले. निलेशचा चेहरा धूसर होता, तो स्पष्ट व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागला. ओळखपत्राचा फोटो झाला. मग मी म्हणाले, आता तुमचा दोघांचा एक काढते. प्रणाली त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी बाकाकडे वळले.

"आत्या, तुम्हीही या. मध्ये उभ्या राहा."

"मी कायले वं मधात," ती म्हणाली. "नवरा-बायकोच्या फोटोत माझं का काम."

पण पदर सारखा करत ती उठली होती.